बाईंची बंद न पडणारी गाडी

तीन फेब्रुवारीला मी दोन हजार सातशे पन्नास रुपये भरून मोटार शिकायला नाव घातले. बाईंनी नोटा मोजल्या, पाचशेच्या नोटा खिडकीकडे धरून आरपार पाहिल्या, पुन्हा मोजल्या आणि सगळा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"आता तुम्ही मोजा."

"मी मोजूनच दिल्यात."

"ते तुमच्या हातात असताना. आता माझ्या टेबलावर आहेत. मोजा, म्हणजे उद्या कुणी कुणाला बोलायला नको."

मी मोजल्या. माझी सगळी नोकरी दुसऱ्यांचे हिशोब तपासण्यात गेली आहे आणि आता निवृत्ती तोंडावर आली आहे. तरी पैसे देणाऱ्याकडूनच पैसे मोजून घेणारी व्यक्ती मी पहिल्यांदा पाहिली. पावती खिशात घालून घरी गेलो तेव्हा सौभाग्यवतींनी विचारले, "जन्मभर बसने गेलात, आता गाडी शिकून जाणार कुठे? भाजी आणायला?" मी म्हणालो, "हो, भाजीच आणायला." विषय तिथे मिटला.

बाईंचे ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे कपडे धुण्याच्या दुकानाशेजारची एक खोली. भिंतीतून इस्त्रीच्या वाफेचा वास यायचा. एका भिंतीवर रहदारीच्या खुणा हाताने रंगवलेल्या, टेबलाला एक मोडके स्टिअरिंग ठोकलेले आणि बाहेर पाटी: 'पहिल्या दिवशी गाडी चालवा.' मागे आणखी एक लहान खोली होती, तिच्यात बाईंचा भाचा राहायचा. गाडी एकच. जुन्या बनावटीची, कार्ब्युरेटरवर चालणारी, पांढरी. शिकवणाऱ्याच्या बाजूला जादा ब्रेक आणि जादा क्लच बसवलेला. बाई बुटक्या होत्या, म्हणून त्या सीटवर दोन उशा. साठीच्या बाई उशांवर चढून बसल्या की त्यांच्या चेहऱ्यावर न्यायाधीशासारखा भाव यायचा.

त्या कोणालाही नावाने हाक मारत नसत. "दातवाले, डावीकडे घ्या." "सूनबाई, आरसा लिपस्टिकसाठी नाही दिलेला." मला त्या ऑडिटर म्हणायच्या.

"ऑडिटर, मागे कोण आहे?"

"एक ट्रक."

"तो थांबणार आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही."

"मग त्याच्यावर विश्वास ठेवून पुढे काय बघताय?"

हीच त्यांची शिकवण्याची पद्धत होती. समोरचा वळेल असे दाखवून सरळ जाईल, उभी गाडी दार उघडेल, चालणारा माणूस अचानक पळेल. रस्त्यावरचा प्रत्येकजण आपल्याला फसवायला निघाला आहे असे धरून चालले की अपघात होत नाही, असे त्यांचे म्हणणे. रस्त्यापुरते ते खरेही असेल. पण बाई गाडीतून उतरल्यावरही तशाच चालायच्या.

याला कारण होते. स्कूल मुळात त्यांच्या यजमानांचे. तेव्हा तीन गाड्या होत्या आणि एक भागीदार होता, शाळेपासूनचा मित्र. "आमचे यजमान देवमाणूस," बाई एकदा सिग्नलला उभे असताना म्हणाल्या. "म्हणजे कुणीही यावं आणि टोपी घालून जावं." भागीदाराने पुढे केलेल्या कागदावर ते बोलता बोलता सही करायचे. एके सकाळी दोन गाड्या जागेवर नव्हत्या आणि त्यांची मालकी कागदोपत्री कधीच बदललेली होती. यजमानांनी अंथरूण धरले ते सोडलेच नाही. तोवर बाईंनी स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता. उरलेल्या एका गाडीवर त्या शेजारच्या बसड्रायव्हरकडून मैदानात गाडी शिकल्या, मग शिकवण्याचा परवाना काढला. "शिकताना तोंडातून आवाज काढला नाही," त्या म्हणाल्या. "रडणाऱ्या बाईला लोक आधी रुमाल देतात, मग सल्ला देतात आणि मग गाडी विकत मागतात."

त्यानंतर त्यांनी एक रीत सुरू केली. बॉनेट उघडले की इंजिनाच्या प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवर गडद लाल नेलपॉलिशची बारीक रेष दिसायची, अर्धी बोल्टवर आणि अर्धी शेजारच्या लोखंडावर. बोल्ट जरा फिरला की रेष तुटणार. गाडी गॅरेजमधून आली की बाई चष्मा बदलून बॉनेटमध्ये वाकायच्या. बिलात काम असेल तर रेष तुटलेली हवी आणि रेष तुटली असेल तर ते बिलात हवे. त्यांच्या स्वतःच्या नखांना नेलपॉलिश लागलेले मी कधी पाहिले नाही. आमच्या खात्यात मोठमोठे लोक तपासणीच्या पद्धतींवर भाषणे देतात, पण एवढी स्वस्त आणि पक्की पद्धत कोणी सुचवल्याचे आठवत नाही.

आता गाडीची एक खासियत सांगायला हवी, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन आपले आपण ज्या गतीने फिरत राहते तिला आयडल म्हणतात. कार्ब्युरेटरवर एक स्क्रू असतो, तो फिरवून ही गती कमीजास्त करता येते. बाईंनी ती कायम चढी ठेवलेली होती. त्यामुळे शिकाऊ माणसाने क्लच कसाही सोडला, धाडकन सोडला तरी गाडी बंद पडत नसे. जरा हिसका द्यायची आणि निघायची. पहिल्या दिवशी माणूस घरी जाऊन सांगायचा, मी गाडी चालवली! बाहेरची पाटी खोटी नव्हती.

"पहिल्या दिवशी गाडी बंद पडली," बाई म्हणायच्या, "की मागचे लोक हॉर्न मारतात. हॉर्न ऐकला की माणसाला घाम फुटतो. दुसऱ्या दिवशी तो येत नाही. मग मी काय खाऊ?"

भाच्याला हे पटत नसे. भाचा म्हणजे त्यांच्या भावाचा मुलगा. कारखाना बंद पडल्यावर वडिलांनी त्याला आत्याकडे पाठवले. तो इतका उंच होता की गाडीत बसला की गुडघे डॅशबोर्डला लागत. दुपारचे विद्यार्थी तो घ्यायचा. भाऊ हा जगातला एकच माणूस असा, की त्याच्याकडून आलेली वस्तू बाई उलटून बघत नसत. भाचा मात्र वस्तूत मोडत नव्हता. आपल्यामागे स्कूल त्याला द्यायचे असे बाईंनी भावाला बोलून ठेवले होते, आणि बोलून ठेवल्यापासून त्याच्यावर त्यांची नजर जास्तच बारीक झाली होती.

"आत्या, तुझी मुलं परीक्षेला जातात आणि दुसऱ्याच्या गाडीवर बसली की पहिल्या चौकात बंद पाडतात," तो एकदा माझ्यादेखत म्हणाला. "क्लच म्हणजे काय ते त्यांना कळलेलंच नसतं."

"माझ्या गाडीवर बंद पडत नाहीत."

"तेच तर म्हणतोय."

"तू आलास त्याच्या आधीपासून हे स्कूल चालतंय. तुझा कारखाना किती चालला?"

तो उठून मागच्या खोलीत गेला.

मार्च महिन्यात एका सकाळी मी चढावर क्लच सोडला आणि गाडी बंद पडली. बाईंनी माझ्याकडे पाहिले, मग गाडीकडे पाहिले. "बंद कशी पडली?" त्या म्हणाल्या. मला वाटले मला विचारत आहेत, म्हणून मी माफी मागितली. त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या. पुढे अर्धा तास फिरून आम्ही मोठ्या चौकातल्या सिग्नलला थांबलो. ऊन चांगलेच तापले होते. इंजिन मंद आवाजात फिरत होते, आणि समोरच्या काट्यांच्या खाली एक लाल दिवा लुकलुकू लागला. तेलाच्या झारीचे चित्र, टोकाला थेंब.

"पाय लावा जरा," बाई म्हणाल्या. मी ॲक्सिलरेटर दाबला, दिवा विझला. पाय काढला, पुन्हा लागला.

"बंद करा! चावी फिरवा आधी!"

"सिग्नल सुटतोय बाई."

"सुटू दे. ऑइलच्या दिव्याला पुढचा सिग्नल नसतो."

मागून हॉर्नचा गोंधळ सुरू झाला. बाई उशांवरून उतरल्या, हॉर्न मारणाऱ्यांकडे पाहून हात कमरेवर ठेवून उभ्या राहिल्या आणि आम्ही दोघांनी गाडी ढकलून कडेला घेतली. बॉनेट उघडून त्यांनी ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. ऑइल वरच्या खुणेला जवळजवळ टेकलेले. गळती कुठे नव्हती. गाडी थंड होईपर्यंत थांबून चालू केली तर दिवा नाही. आम्ही हळूहळू परत आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झाले: गार असताना काही नाही, तापल्यावर थांबलो की दिवा.

भाच्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "इंजिन थकलंय, आत्या. गाडी देऊन टाकू या, हप्त्यावर नवी घेऊ."

बाई काही बोलल्या नाहीत. बाई गप्प बसल्या की त्या हिशोब करत असतात हे मला एव्हाना कळले होते.

दोन दिवसांनी त्यांनी मला शिकवणीनंतर थांबवून घेतले आणि खोलीचे दार लावले. पलीकडे इस्त्री फुसफुसत होती.

"ऑडिटर, तुमचं काम चोर पकडायचं ना?"

"चुका शोधायचं."

"एकच ते. ऐका. खालच्या ऑइलच्या बोल्टची रेष शाबूत आहे, म्हणजे ऑइल कुणी बदललेलं नाही. फिल्टरची रेष शाबूत. दिव्याच्या सेन्सरची शाबूत. एकच रेष तुटलीय, कार्ब्युरेटरवरच्या आयडलच्या स्क्रूची. स्क्रू उतरवलाय कुणीतरी."

"पैजने?" पैज म्हणजे त्यांचा मेकॅनिक. बोलता बोलता 'लागली पैज?' म्हणायची त्याला सवय, म्हणून त्याचे तेच नाव पडले होते.

"पैजकडे गाडी बेवारशासारखी कधी सोडते का मी? महिनाभर गेलीच नाही तिकडे. चावी दोघांकडे असते. माझ्याकडे आणि..." त्यांनी मागच्या दाराकडे हनुवटी केली. "आधी गाडी बिघडवायची, मग म्हणायचं थकली, मग विकायची. मला हे नाटक पाठ आहे. एकदा पाहिलंय मी, पहिल्या रांगेत बसून."

मी गप्प राहायला हवे होते की नाही, सांगता येत नाही. पण तपासणीत दिसलेली गोष्ट दडवायची नाही हा माझा नियम. आठवड्यापूर्वी पेट्रोलपंपाच्या मागे मी भाच्याला चौकटीच्या शर्टातल्या एका माणसाबरोबर पाहिले होते. तो माणूस गाडीभोवती फिरून टायरवर बूट मारत होता आणि पत्र्यावर टिचक्या मारून आवाज ऐकत होता. गाडी विकत घेणारे लोक असेच करतात. मी ते सांगितले.

बाईंचा चेहरा मुळीच बदलला नाही. त्या फक्त म्हणाल्या, "रविवारी भावाला फोन करते. म्हणावं, येऊन घेऊन जा तुझा मुलगा."

"बाई, रेष तुटली याचा अर्थ हात लागला एवढाच. का लागला ते रेष सांगत नाही. आणि स्क्रू फिरवल्याने ऑइलचा दिवा का लागावा, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही."

"मलाही नाही. रविवारच्या आधी ते कळून घेऊ."

त्यांनी थोडा विचार करून अटी घातल्या. भाच्याला सांगायचे नाही. स्क्रूबद्दल पैजलाही सांगायचे नाही. तो जे काही मोजेल त्याचा काटा मी स्वतः वाचायचा. "तुमचा यात काही फायदा नाही ना?" त्यांनी विचारले. मी नाही म्हणालो. "बघू," त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी आम्ही गाडी पैजकडे नेली. नेईपर्यंत ती चांगली तापलेली होती. पैज गोल पोटाचा, कानावर पेन्सिल अडकवलेला माणूस. दिवा पाहून त्याने बॉनेटही उघडले नाही.

"सेन्सर. डोळे झाकून सांगतो, सेन्सर गेलाय. सगळ्यांचे जातात. साडेतीनशेचा सेन्सर, पन्नास माझे. लागली पैज?"

"डोळे उघडून सांग," बाई म्हणाल्या. "आत दाब किती आहे ते मोज."

"बाई, मोजायला सेन्सर काढावा लागतो, दाबाचं घड्याळ जोडावं लागतं. त्यापेक्षा नवा बसवतो ना! नाहीतर जरा घट्ट ऑइल घालू. दिवा विझला की झालं."

"दिवा विझवायला मी आले नाही. तो खरं बोलतोय का खोटं ते बघायला आलेय."

"दिवा काय माणूस आहे का, खोटं बोलायला?"

"म्हणूनच त्याच्यावर निम्मा विश्वास ठेवलाय. माणूस असता तर तेवढाही ठेवला नसता."

पैज कुरकुरत कामाला लागला. आधी त्याने पट्टीवरचे ऑइल बोटांत चोळले आणि हुंगले. पेट्रोल मिसळून पातळ झाले असते तर वास आला असता, तसा नव्हता. मग फिल्टरच्या वरच्या बाजूचा सेन्सर काढून त्या जागी नळीचे घड्याळ बसवले. मला काटा वाचायला समोर उभे केले. इंजिन सुरू केले आणि पंखा आपोआप फिरू लागेपर्यंत चालू ठेवले. मग ॲक्सिलरेटर सोडला.

काटा खाली येत येत शून्याच्या थोडाच वर थांबला. घड्याळावर दाबाचे आकडे किलोत होते.

"किती?" बाईंनी विचारले.

"पाव किलोच्या जरा वर. पॉइंट तीन धरा."

"अर्ध्याच्या खाली गेला की दिवा लागतो," पैज म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "म्हणजे सेन्सर ठीक आहे. दाबच नाही."

आता बाईंनी कार्ब्युरेटरकडे बोट केले. "हा स्क्रू वर घे. लाल रेष जुळेपर्यंत."

पैजने स्क्रू फिरवला. इंजिनचा आवाज चढला, आणि माझ्या डोळ्यांसमोर काटा उचलला, अर्धा ओलांडून पाऊण किलोवर गेला. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू खटल्याचा निकाल लागला.

"बघितलंत? स्क्रू उतरवला म्हणून दिवा लागला. नाहीतर माझ्या गाडीला काही झालेलं नव्हतं."

"थांबा थांबा," पैज म्हणाला. "बाई, तुम्ही एवढं चढं ठेवता आयडल? कधीपासून?"

"कायम."

त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि पुन्हा ठेवली. "अहो, ऑइलचा पंप इंजिनच फिरवतं. इंजिन जोरात फिरलं की पंप जोरात ढकलतो, काटा वर जातो. त्यानं आतल्या झिजलेल्या बेअरिंगा बऱ्या होत नाहीत. फटीतून ऑइल सांडतंय, म्हणून दाब टिकत नाही. हे आजचं दुखणं नाही. चढ्या आयडलनं झाकलं होतं, एवढंच."

"हे तू आता बनवतोयस. मघाशी सेन्सर म्हणत होतास."

मलाही तोच संशय आला. मघाशी चारशेत निघणारा माणूस आता इंजिन उघडायच्या गोष्टी करत होता. मी म्हणालो, "तुमच्या गॅरेजात दुसरी अशीच गाडी आहे का? तिला घड्याळ लावून दाखवा."

पैजची स्वतःची गाडी त्याच बनावटीची होती. त्याने रागारागाने सेन्सर काढला, घड्याळ जोडले, इंजिन तसेच तापवले. तिचे आयडल मंद, कुरकुर न करता चालणारे. काटा दीड किलोवर उभा राहिला आणि हलला नाही. मी दोनदा वाचला. बाईंनी चष्मा बदलून तिसऱ्यांदा वाचला.

तेवढ्यात भाचा आला. धावत आला असावा, श्वास लागला होता.

"विकली?" तो दारातूनच ओरडला.

"काय?" बाई म्हणाल्या.

"गाडी! मला न सांगता इथे आणलीस. इस्त्रीवाला म्हणाला, ऑडिटरही बरोबर आहेत. व्यवहाराशिवाय ऑडिटर कशाला? पैजला विकलीस ना? आणि मग मी कुठे जायचं ते नंतर कळवणार होतीस!"

मग पैज म्हणाला, "मी? ही? फुकट दिली तरी मी..." आणि बाईंची नजर पाहून थांबला.

"स्क्रू कुणी फिरवला?" बाईंनी शांतपणे विचारले.

"मी."

मी तर तो नाही म्हणेल अशी वाट पाहत होतो.

"लपवून?"

"सांगितलं असतं तर फिरवू दिला असतास? माझ्या दुपारच्या शिकवणीतल्या त्या नर्सबाई तिसऱ्यांदा नापास झाल्या, आत्या. तीन वेळा. गाडी बंद पडली म्हणून. माझ्यासमोर रडल्या. तुला नाही सांगितलं, तू म्हणाली असतीस रुमाल देऊ नको. मी आयडल जसं असायला हवं तसं केलं आणि त्यांना क्लच शिकवला. दिवा लागेल हे मला काय माहीत? दिवा लागल्यावर मीच घाबरलो. म्हटलं आता माझ्यावर येणार."

"आणि चौकटीचा शर्ट?"

तो जरा अडखळला. माझ्याकडे एकदा पाहिले. कोणी सांगितले ते त्याला समजले असावे.

"हो, दाखवली त्याला. विकायला नाही. किंमत काढायला."

"किंमत कोण काढतं? ज्याला विकायचं असतं तो."

"ज्याला हिच्या दुरुस्तीवर किती पैसा घालायचा ते ठरवायचं असतं, तोही काढतो. उद्या हे स्कूल मला चालवायचंय असं तूच बाबांना सांगितलंस ना? मग मी डोळे मिटून चालवू? तूच शिकवतेस, समोरच्यावर विश्वास ठेवू नका. मी नाही ठेवला. तुझ्या गाडीवर नाही ठेवला."

या उत्तराने माझी पूर्ण खात्री पटली असे मी म्हणणार नाही. दिवा लागण्याच्या आधीच तो किंमत का काढत होता, हा प्रश्न माझ्या मनात आला आणि अजूनही आहे. बाईंच्याही मनात आला असणारच. पण त्यांनी तो विचारला नाही. त्या दोन्ही गाड्यांच्या मध्ये उभ्या होत्या. बराच वेळ पैजच्या गाडीचा मंद आवाज ऐकत राहिल्या.

"एवढ्या हळू चालते चांगली गाडी?" त्यांनी विचारले.

"हो," भाचा म्हणाला.

"माझी कधी होती अशी?"

"असेल की. नवी असताना."

"तेव्हा ती यांच्या हातात होती," बाई म्हणाल्या. मग पैजकडे वळून म्हणाल्या, "उघड. ऑइलचं खालचं पात्र काढ, बेअरिंगा दाखव. जुन्या मला परत हव्यात, एकूणएक. आणि काम होईपर्यंत माझा माणूस इथे बसेल."

"तुमचा माणूस? कोण, हे ऑडिटर?"

"ऑडिटरांना निवृत्तीपर्यंत त्यांचं ऑफिस आहे. हा बसेल." त्यांनी भाच्याकडे पाहिलेही नाही. "काय रे, बसशील ना? का तुलाही याच्याकडून टक्केवारी मिळते?"

"मिळत असती तर पहिली नवी पँट घेतली असती," भाचा म्हणाला. त्याची पँट खरोखरच आखूड होती.

"डबा पाठवते. डोळा लागू देऊ नकोस. हा बोलायला लागला की तू बोल्टकडे बघ."

"बाई, मी इथेच उभा आहे," पैज म्हणाला.

"म्हणूनच मोठ्यानं सांगितलं."

सोमवारी पात्र उघडले. ऑइल ओढणारी जाळी स्वच्छ होती, पंपही कामापुरता ठीक होता. बेअरिंगांवरचा वरचा थर मात्र झिजून खालचे तांबे दिसत होते. भाच्याने ते पाहून आत्याला बोलावून घेतले आणि तिच्या हातात दिले, तेव्हा मी तिथे नव्हतो. इस्त्रीवाल्याने सांगितले की बाई घरी आल्या, बेअरिंगा टेबलावर मांडल्या आणि बोटांनी खूप वेळ चाचपत बसल्या. त्याआधी रविवारी, ठरल्याप्रमाणे, त्यांनी भावाला फोन केला होता. मी शिकवणीचा वार विचारायला गेलो होतो, दारात थांबलो. त्या फोनवर म्हणत होत्या, "तुझ्यासारखंच आहे पोरगं. न विचारता करतं आणि मग खरं सांगून मोकळं होतं... नाही, पाठवत नाही. पाठवून तुला काय शिक्षा देऊ? ... गॅरेजात बसवलंय. ... अरे, विश्वास नाही कसा? पैजवर नाही, म्हणून तर त्याला बसवलंय."

गाडी परत आली ती मंद आवाज करत. तापल्यावर सिग्नलला थांबलो तरी लाल दिवा लागला नाही. मी मात्र त्या आठवड्यात सहा वेळा बंद पाडली. मागून हॉर्न यायचे. बाई दात आवळून, उशांवर ताठ बसून समोर बघत म्हणायच्या, "पडू दे. वाजवू दे त्यांना. पुन्हा चालू करा." बाहेरची पाटी त्यांनी काढायला लावली. नवी काय लिहायची यावर आत्या आणि भाचा अजून भांडत आहेत. नर्सबाई चौथ्या वेळी पास झाल्या, त्याचे श्रेय दोघेही घेतात.

बेअरिंगा, ऑइल, फिल्टर आणि मजुरी यांचे पैसे बाईंनी पैजला त्याच दिवशी दिले, त्याच्याकडून मोजून घेतले. घड्याळ लावून दाब मोजल्याचे दीडशे रुपये मात्र त्यांनी बिलातून कापले. त्यांचे म्हणणे असे, की ते आधीच मोजायला हवे होते, सांगितल्यावर मोजले त्याचे पैसे कसले? पैजचे म्हणणे असे, की मोजले तर आहे, आणि तेही दोन गाड्यांचे. मला दोघांनी विचारले. मी हिशोब पाहून पैजच्या बाजूने मत दिले. बाईंनी ते ऐकून घेतले. दीडशे रुपये त्यांच्याकडे अजून बाकी आहेत.